मुका रेडिओ

दुकानदारानं फळीवर चार रेडिओ मांडले आणि त्यातल्या सगळ्यात थोराड रेडिओचं बटण पिळलं. शेजारच्या कपाटाच्या काचा थरथरल्या. डोले रामचा चेहरा असा काही फुलला, जणू ते गाणं त्यानंच म्हटलं होतं. त्याच्या बायकोनं, खिमीनं, दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बंद कर बाबा तो. हा आमच्या गावी, खणोगात नेला तर देवता स्वर्गातून परत यायचा नाही."

"मावशी, दोन स्पीकर आहेत. आख्खं गाव ऐकेल."

"गावाला कोण ऐकवतंय? सेल किती खातो ते सांग."

"सहा. मोठे," दुकानदार जरा आवाज उतरवून म्हणाला.

"आणि पुरतात किती?"

"आता ते तुम्ही किती वेळ लावता त्यावर…"

"म्हणजे आठवडाभर. ठेव बाजूला."

दुसऱ्याला सेलच लागत नव्हते. बाजूला दांडा होता, तो फिरवला की वाजायचा. खिमीनं फिरवून पाहिला आणि दांडा सोडून दिला. "हा तर जात्यासारखा ओरडतोय. देवता स्वर्गात असतो त्या दिवसांत आम्ही जातंसुद्धा झाकून ठेवतो." तिसरा उन्हावर चालणारा, तळहाताएवढा. त्याच्याकडे तिनं नीट पाहिलंही नाही. माघात खणोगात ऊन येतं ते उंबऱ्यावरूनच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखं. त्याच्या भरवशावर कोण राहील?

चौथ्याला चामड्याची पेटी होती, काच धुरकटलेली होती. मोठे दोन सेल आणि कानात घालायच्या गोळीसाठी बाजूला एक भोक.

"हा म्हातारा आहे मावशी. कोणी घेत नाही म्हणून पडून आहे."

"म्हाताऱ्यांना तू काय म्हणून नावं ठेवतोस? सिमला लाव."

दुकानदारानं काटा पुढे-मागे केला. नुसती खरखर. डोले राम लगेच म्हणाला, "बघ, मुका आहे. तो मोठाच घेऊ." पण दुकानदार इमानदार निघाला. लांबचं केंद्र दिवसा येत नाही, म्हणाला, सूर्य डोंगराआड गेला की येतं, तेव्हा घरी जाऊन ऐका.

"घरी जाऊन आलं नाही म्हणजे?" खिमीनं तिथलाच स्टूल ओढला, अंगावरचा लोकरी पट्टू आवरून घेतला आणि बसली. "बुडू दे सूर्य."

"अगं, शेवटची बस चुकेल," डोले राम म्हणाला.

"पाय आहेत ना?"

डोले राम दारात उभा राहून बसच्या दिशेनं बघत राहिला. बायकोपुढे त्याचं सहसा चालत नसे आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. पण आज तो गप्प होता त्याचं कारण वेगळं होतं. मागच्या हिवाळ्यात खालच्या गावच्या फागळीच्या जत्रेत जे झालं ते त्यानंही ऐकलं होतं.

त्यांची एकुलती मुलगी तारामणी खिंडीपलीकडे लाहौलात सरकारी दवाखान्यात नर्स होती. हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की पलीकडची माणसं पलीकडे. मग उरतं ते हेलिकॉप्टर, तेही आभाळ मोकळं असेल त्या दिवशी. उद्या कुठून उडणार, कोणाला आणणार, हे आदल्या संध्याकाळी सिमल्याचा रेडिओ सांगायचा. गेल्या वर्षी तो रेडिओ खणोगात कोणी ऐकलाच नाही. बर्फानं तारा तुटल्या होत्या, वीज नव्हती, गावातल्या एकमेव जुन्या सेटचे सेल संपलेले. तारामणी खिंडीअलीकडे भुंतरच्या मैदानावर उतरली आणि अंधार पडेपर्यंत आपल्या ट्रंकेवर बसून राहिली. शेवटी तिच्या सासरकडच्या कोणी तरी पाहिलं आणि घरी नेलं. मग जत्रेत, भरल्या बायकांत, तिची नणंद खिमीला म्हणाली होती, "आमच्या वहिनीला माहेर आहे ना हो? की नुसतंच सांगतात?"

खिमीच्या तोंडून त्या वेळी शब्द फुटला नव्हता. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. आणि या वर्षी तारामणीला दिवस गेले होते. सासू डोळ्यांनी अधू, म्हणून बाळंतपण माहेरी ठरलं होतं, पण रजा मिळणार होती ती खिंड बंद झाल्यावरच. पोटुशी पोर त्या मैदानावर ट्रंकेवर बसलेली खिमीला रोज दिसायची.

डोंगराआड सूर्य गेला. दुकानदारानं दिवा लावला. खिमीनं गोळी कानात घातली, काटा केसाएवढा सरकवला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"बोलतोय," ती म्हणाली. "बटाट्याचा भाव सांगतोय."

बस गेलीच होती. रेडिओ पट्टूच्या घडीत धरून ती डोले रामच्या पुढे पुढे चालत घरी आली.

* * *

घरी आल्यावर रेडिओनं तोंड मिटलं. खोलीत खरखर, सज्जात खरखर, खाली गोठ्यात तर गाईच्या रवंथाचाच आवाज मोठा. सज्जाच्या टोकाला एक चिनी बाई बोलायची आणि मधेच एखादा पाकिस्तानी गवई तिला ढकलून द्यायचा. खणोग तिन्ही बाजूंनी डोंगरात बुडालेलं. दोन दिवस खिमी रेडिओ घेऊन घरभर फिरली. डोले राम चुलीपाशी बर्फात घालायचे भांगेच्या दोऱ्याचे पुले विणत बसायचा आणि काही बोलायचा नाही, पण त्याची मान तो मोठा रेडिओ आठवून हलायची.

तिसऱ्या दिवशी ती शिडी लावून छतावर गेली. पाटीच्या दगडांचं उतरतं छत. कण्यावर बसून तिनं रेडिओ आडवा धरला आणि सिमला आला. उभा धरला की जायचा, आडवा धरला की यायचा.

"लाडका आहे," ती खाली येऊन म्हणाली. "निजवूनच घ्यावा लागतो."

मग संक्रांत आली. त्या दिवशी खणोगचा देवता स्वर्गातल्या सभेला जातो आणि फाल्गुन लागेपर्यंत परतत नाही. पुजाऱ्यानं चाळलेल्या मातीनं गाभारा सारवला, घंटांना कापड गुंडाळलं, दार बंद केलं. देव परतला की ती माती उकलून पाहायची. फूल निघालं तर वर्ष चांगलं, कोळसा निघाला तर आग. तोवर गावात कुदळ चालवायची नाही, शीळ घालायची नाही, कोणाला मोठ्यानं हाक मारायची नाही. टीव्ही, रेडिओ यांचं तर नावच नको. सभेत बसलेल्या देवाचं लक्ष मोडतं. कोणाच्या घरातून आवाज आला तर त्या घरानं देवतेला बकरा द्यायचा.

हे सगळं पाहायचं काम कारदाराचं, आणि कारदार म्हणजे खिमीचे थोरले दीर झाबे राम. अंगणापलीकडचं घर त्यांचं. दार बंद करून देवळातून येता येता ते खिमीच्या उंबऱ्यापाशी थांबले.

"तो डबा पेटीत गेला ना?"

"कुठला डबा, भावजी?"

"बाजारातून छातीशी धरून आणलास तो."

"तो तर मुका आहे. तुमच्या भावाला विचारा," खिमी हळूच म्हणाली. आवाज बेताचाच ठेवायचा होता, ते तिच्या पथ्यावरच पडलं.

चौथ्या दिवशी बर्फ पडलं आणि वीज गेली. ती आता फाल्गुनापर्यंत येणार नाही हे पोराबाळांनाही ठाऊक होतं.

* * *

सकाळी गोठा, शेण, गाईंना सुकं गवत. झऱ्याचं तोंड गोठायचं, ते काठीनं फोडून पाणी आणायचं. दुपारी लोकर कातायची. आणि छतावरचं बर्फ लाकडी फावड्यानं ढकलायचं, नाही तर वासे मोडतात. हे काम आजवर डोले राम करायचा. या वर्षी त्याच्या हातातून फावडं खिमीनं घेतलं.

"तुमच्या गुडघ्याला थंडी बाधते."

"माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

"होईल."

सूर्य डोंगराआड जायच्या सुमाराला ती वर चढायची. चुलीपाशी उबवलेले सेल घालायचे, कारण गारठ्यात सेल पडेल चेहरा करतात. रेडिओ तान्ह्या पोरासारखा पाठीवर आडवा बांधायचा, वरून पट्टू. कानातली गोळी डोक्याच्या रुमालाखाली. पायातल्या पुल्यांचा तळ बर्फात चांगला धरायचा, पाय निसटत नसे. फावडं मारत मारत ती बातम्या ऐकायची. पलीकडे हिमवादळ, उड्डाण नाही. उद्याही नाही. नावं यायची ती दुसऱ्यांची. पण रोज त्या माणसाचा शांत, स्वच्छ आवाज कानात यायचा आणि खिमीला वाटायचं, चला, आपण इथं पहाऱ्यावर आहोत. या वर्षी चूक व्हायची नाही.

सेल वाचवण्यासाठी ती बातम्यांपुरताच लावायची. डोले रामनं एकदा लाजत विचारलं, "गाणं लागतं का गं मागून?"

"लागत असेल. मी बंद करते."

"किती ती कंजूष."

"ते गाणं म्हणजे पोरीच्या वाटचा सेल आहे," ती म्हणाली, आणि त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही.

घोटाळा केला तो आभाळानं. आठ-दहा दिवस बर्फच पडलं नाही. छत कोरडं ठणठणीत, काळ्या पाट्या उघड्या, आणि खिमी रोज संध्याकाळी फावडं घेऊन वर. नुसतं उभं राहिलं तर दिसेल, म्हणून ती हलक्या हातानं दगडच खरवडायची. झाबे रामची बायको फुलमा खालून बघायची. एके संध्याकाळी ती शिडीपाशीच येऊन उभी राहिली.

"काय गं, तुझ्याच छतावर पडतं वाटतं बर्फ?"

खिमीच्या कानात त्या वेळी भुंतरचं हवामान चाललं होतं. तिनं उत्तर दिलं नाही. फुलमानं परत विचारलं, परतही उत्तर नाही. मग फुलमाला रुमालाखालून खाली गेलेली काळी तार दिसली.

बोलावणं लगेच आलं. झाबे रामच्या चुलीभोवती दोघं भाऊ, फुलमा आणि खिमी बसली. रेडिओ मधे, जणू तोच आरोपी होता.

"खिमी, घराण्यात कारदारी आहे," झाबे राम म्हणाले. "लोक काय म्हणतील? कारदाराच्या भावाच्याच घरात?"

"आवाज आला का कोणाला?"

"प्रश्न आवाजाचा नाही."

"मग कशाचा? नियम आवाजाचाच आहे ना, भावजी?" तिनं गोळी स्वतःच्या कानात घातली, रेडिओ लावला आणि त्यांच्या अगदी जवळ सरकून बसली. "घ्या. ऐका काही येतं का. तुम्ही हातभर अंतरावर आहात. देवता तर स्वर्गात आहे."

झाबे रामनी खरोखरच कान दिला. चुलीतलं लाकूड तडतडलं, तेवढंच.

"नियम मनाचाही असतो," ते म्हणाले. "या दिवसांत मन गप्प ठेवायचं."

"माझं मन त्या खिंडीपलीकडे आहे. ते मी इथं बसून कसं गप्प करू?" खिमीनं गोळी कानातून ओढून काढली. "गेल्या वर्षी माझी पोर दिवसभर ट्रंकेवर बसली. तुमचीही पुतणीच आहे ती. तेव्हा देवता इथं नव्हता, आणि आपणही तिथं नव्हतो."

फुलमानं उगीच लाकूड पुढे सारलं. झाबे रामनी बराच वेळ टोपी काढून हातात फिरवली.

"तुझ्या घरातून बाहेर आवाज आला," ते शेवटी म्हणाले, "कसलाही, तर बकरा. भाऊ आहे म्हणून सोडणार नाही. चार लोकांत घेईन."

"कबूल," खिमी म्हणाली.

डोले रामनं तिच्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे बकरा एकच होता.

* * *

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाबे राम अंगणात येऊन उभे राहिले. हात मागे, नजर सफरचंदाच्या झाडांकडे. मग हळूच वर. खिमी समजली. संक्रांतीआधी छाटलेल्या फांद्यांची त्यांना काळजी होती, पण कारदार रेडिओची बातमी विचारणार कसा? तिनं फावडं उभं धरलं. उद्या उघडीप. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. त्या दिवसापासून रोज तेच. फावडं उभं म्हणजे आभाळ मोकळं, आडवं म्हणजे बर्फ. फुलमा दाराआडून बघायची आणि नाक मुरडून गवत झाकायला जायची. शेजारपाजारचेही त्या सुमाराला अंगणात रेंगाळू लागले. कोणी कोणाला काही बोललं नाही. दिवसच तसे होते.

सेल मात्र थकत चालले होते. चुलीपाशी कितीही उबवले तरी बातम्यांच्या शेवटी तो माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू यायचा. गावात दुसरे सेल नव्हते. खिमीनं हवामान ऐकणं सोडलं, नुसती नावं ऐकायची. अंगणातल्या लोकांना त्या दिवसांत फावडं नुसतंच खांद्यावर दिसायचं.

आणि त्या संध्याकाळी नाव आलं. लाहौलातल्या स्टिंगरीहून उद्या सकाळचं पहिलं उड्डाण. दोन आजारी म्हातारे, एक शिक्षक. मग, "तारामणी, आरोग्य सेविका." एवढं बोलून आवाज बारीक होत होत गेला. खिमीनं रेडिओ पाठीवरून पुढे घेतला, हलवला, आडवा केला, छातीशी धरला. गोळीत आता खरखरसुद्धा नव्हती.

पण नाव आलं होतं. ते ती पोटभर ओरडून सांगायला निघाली आणि तोंड उघडल्यावर तिला आठवलं. उघडलेलं तोंड तिनं हातानं दाबलं. घाईत शिडीचं पहिलं दांडकंही पायाला सापडेना. डोले राम गवत आणायला पलीकडच्या कोठारात गेलेला. पुढच्या गावातून भुंतरला जाणारी जीप पहाटेच सुटते, ती गाठायची तर आत्ताच निघायला हवं होतं.

खाली अंगणात झाबे राम येऊन उभे होते. हात मागे. त्यांनी वर पाहिलं.

खिमीनं फावडं बाजूला ठेवलं. छातीशी धरलेला रेडिओ दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि झुलवला, अंगाई म्हणतात तसा. मग खिंडीकडे बोट केलं, आणि मग खाली, भुंतरकडे.

म्हातारा क्षणभर तसाच उभा राहिला. मग टोपी सावरून, धोतरासारखी पायात येणारी लोकरी चादर वर खोचून, तो कोठाराकडे पळाला. झाबे रामना पळताना गावानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

डोले राम जीप गाठायला निघाला. झाबे राम स्वतः घरोघर गेले. कडी न वाजवता दार ढकलायचं, आत जाऊन कानाशी बोलायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी सहा गडी दोन वाशांना खुर्ची बांधून खालच्या सडकेवर उभे होते. गुडघाभर बर्फातून, एकही हाळी न घालता, नुसत्या श्वासांवर पावलं जुळवत त्यांनी तारामणीला वर आणलं. वाशांच्या पुढच्या टोकाला झाबे राम होते. त्या वयात नको म्हणून कोणी सांगायला गेलं तर त्यांनी नुसते डोळे वटारले.

खुर्चीतून उतरून तारामणी आईच्या गळ्यात पडली. "इजी, मी उतरले तर बापू समोर. पळत आले गं माझ्याकडे. ट्रंक खाली ठेवूसुद्धा दिली नाही."

"मग? माहेर आहे तुला," खिमी म्हणाली. आणि मग ती रडली, आवाज न करता.

* * *

पोर लवकरच आलं, देवता परतायच्या आधी. गोठ्याशेजारच्या उबदार खोलीत तारामणी कळा देत होती. तोंडात पट्टूचा पदर धरून तिनं सगळं सोसलं, हूं की चूं केलं नाही. खिमी आणि फुलमा दोघी तिच्यापाशी होत्या. अंगणात उन्हाची तिरीप आलेली, तिथं गावचे पाच-सहा जण उगीच आल्यासारखे जमले होते. झाबे राम खिमीच्या सज्जात बसले होते.

फुलमानं नाळ कापली. पोरानं श्वास घेतला, आणि मग जो काय टाहो फोडला तो गोठ्यातून अंगणात, अंगणातून बंद देवळापर्यंत गेला. कित्येक आठवडे कोणी मोठ्यानं खोकलंही नव्हतं अशा गावात तो आवाज. गाई उठून उभ्या राहिल्या. पोर दम घेई आणि परत सुरू होई.

खिमी रक्ताळलेल्या हातांनीच दारात आली. अंगणातले सगळे कारदाराकडे बघत होते. कसलाही आवाज, असं ते म्हणाले होते. त्यांचा शब्द साऱ्या गावाला ठाऊक झालेला होता. कोपऱ्यात बांधलेला बकरा शांतपणे गवत खात होता. डोले रामनं त्याच्याकडे पाहिलं आणि दोर सोडायला पाऊल टाकलं.

"कारदारजी," एक जण दबक्या आवाजात म्हणाला. "आवाज आला."

झाबे रामनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर चामड्याच्या पेटीतला रेडिओ आडवा होता आणि कानात गोळी होती. हात वर करून त्यांनी माणसाला थांबवलं, महत्त्वाचं काही ऐकत असल्यासारखं. आतून पोर बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

मग त्यांनी सावकाश गोळी काढली.

"काय म्हणालास?"

"आवाज, कारदारजी. या घरातून."

"मी बातम्या ऐकत होतो," झाबे राम म्हणाले. "मला काही आलं नाही."

त्यांनी गोळी परत कानात घातली आणि काटा केसाएवढा सरकवला. माणसानं एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा बकऱ्याकडे, आणि टोपी सारखी करून तो घरी गेला. बाकीचेही गेले.

खिमी दारातच उभी होती. नाव आलं त्या संध्याकाळी संपलेले सेल तिनं स्वतःच्या हातानं काढून चुलीमागे ठेवले होते. रेडिओ तेव्हापासून रिकामा होता.

"भावजी," ती हळूच म्हणाली. "काय सांगतायत?"

झाबे राम ऐकत होते. आत पोर रडत होतं.

"उघडीप आहे," ते म्हणाले.